बक्षीस नको, हिशेब दाखवा

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. कुठल्या तरी मालकाने कामगारांना मोटारी वाटल्या. फोटोत ओळीने उभ्या गाड्या, त्यांवर लाल रिबिनी, मध्ये हात जोडून मालक. सुरतेचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१६च्या दिवाळीत बाराशेहून अधिक गाड्या आणि चारशे घरं दिल्याची बातमी देशभर गाजली होती. तेव्हापासून ऑक्टोबर उजाडला की मला एखाद्या कारखानदाराचा फोन येतोच. "मॅडम, आपणही काहीतरी करू या. पोरं टिकत नाहीत." ते काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. माणशी चारशे रुपये, त्यात मिठाईचा पुडा आणि एक स्टीलचा डबा. जमलं तर एका छोट्या कार्यक्रमात 'उत्कृष्ट कामगार' म्हणून तिघांचा सत्कार.

मी भोसरीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क म्हणून लागले. पुढे तिथलंच पर्सोनेल खातं सांभाळलं. आता चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांना माणसांच्या बाबतीत सल्ला देते. हजेरीपुस्तकं आणि राजीनाम्याचे कागद चाळण्यात नोकरीची वर्षं गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मालकांना सहसा आवडत नाही. जे देणं लागतं तेच बक्षीस म्हणून हातावर ठेवलं की कामगार खूश होत नाही, तो सावध होतो.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याकडच्या बोनसचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. बोनसबद्दल व्हॉट्सॲपवर दरवर्षी एक निरोप फिरतो: पूर्वी दर आठवड्याला पगार व्हायचा, इंग्रजांनी तो महिन्यावर नेला, वर्षाचे चार आठवडे बुडाले, ते भरून काढायला दिवाळी बोनस आला. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण बोनस तसा आला नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना धो-धो नफा झाला, महागाईही तितकीच वाढली, तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी पगारावर 'युद्ध बोनस' दिला. पुढे काही वर्षं वर्षाखेरीला महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळू लागली. कामगारांनी ती धरून संसाराचे हिशेब बसवले. १९२३ साली धंदा मंदावल्यावर मालकांनी जाहीर केलं की या वर्षी बोनस नाही. १९२४च्या जानेवारीत दीड लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर पडले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा निष्कर्ष असा की, बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क कामगारांना नाही. मालकाची मर्जी होती, त्याने दिला. मर्जी फिरली, दिला नाही.

हक्क नसलेला हा पैसा हक्काचा व्हायला चाळीस वर्षं लागली. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिलं: नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा वगैरे वजा करून जे उरेल, त्यात कामगारांचा वाटा. मग १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला आणि १९६५ मध्ये कायदा झाला. किमान बोनस चार टक्के, कमाल वीस टक्के. १९७२ मध्ये किमान दर ८.३३ टक्क्यांवर गेला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. आणीबाणीत, १९७५ साली, तो पुन्हा चार टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ मध्ये परत ८.३३ झाला. कोणत्या काळात कामगाराला तोंड उघडता येत होतं आणि कोणत्या काळात नाही, हे या एका आकड्याच्या चढउतारावरून कळतं.

बोनस ही वरकड खिरापत नव्हती, याची आठवण गिरणगावाला वेगळी करून द्यायला नको. १९८२च्या गिरणी संपाची ठिणगी १९८१च्या दिवाळीच्या बोनसवरून पडली. स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या दारात गेले ते जाहीर झालेल्या टक्केवारीवर नाराज होऊन. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

हा सगळा प्रवास बक्षिसाकडून हक्काकडे झालेला आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी डोळ्यांनी पाहते आहे तो परतीचा प्रवास.

आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात दिवाळीच्या आठवड्यात गेटवर उभं राहा. परमनंट माणसाला युनियनच्या कराराप्रमाणे बोनस, वर एखादी सुटकेस किंवा इंडक्शन शेगडी. त्याच्याच शेजारच्या मशिनवर, तोच जॉब, त्याच गेजने मोजून काढणाऱ्या कंत्राटी पोराला अर्धा किलो सोनपापडी. बोनस? तो ठेकेदार देईल. ठेकेदार म्हणतो, तुमच्या महिन्याच्या पगारातच बोनस धरलेला आहे, बघा की स्लिप. स्लिप बघायला मिळालेली नसते. एका वर्षी नांदेडकडचा एक मुलगा जाता जाता सिक्युरिटीच्या केबिनमध्ये तो पुडा ठेवून गेला. "काका, तुम्हीच खा, तुम्ही पण ठेकेदाराचेच ना?" एवढंच बोलला. दिवाळीनंतर तो परत आला नाही. त्याच्या नावापुढे कारण लिहिलं गेलं 'घरगुती अडचण'.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार कारखान्यांतल्या कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक आज ठेकेदारांमार्फत लागलेले आहेत. मुख्य मालकाच्या कामगारासारखंच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेवढाच पगार द्यावा, अशी अट कंत्राटी कामगार कायद्याच्या १९७१च्या नियमांमध्येच होती. ती किती ठिकाणी पाळली गेली हे पट्ट्यातलं पोरसुद्धा सांगेल. मग याच शेडमध्ये भिंतीवर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा फोटो लागतो. फोटो परमनंट माणसाचा. कंत्राटीला यादीत घेता येत नाही, कारण घेतलं तर तो कागदोपत्री आपलाच कामगार ठरेल, असं वकिलाने सांगितलेलं असतं. गौरवाच्या योजनेवरही वकिलाची सही लागते, मग पोरांचा तिच्यावर विश्वास बसावा कसा?

आता हजेरी भत्त्याकडे या. हा तर मालकांचा सर्वांत लाडका इन्सेंटिव्ह. महिनाभर एकही खाडा नाही तर हजार किंवा दीड हजार रुपये. वरवर पाहता छान. मुळात हा पैसा येतो कुठून? बहुतेक ठिकाणी पगारवाढीच्या वेळी मूळ पगार वाढवायचा सोडून तो तुकडा बाजूला काढून त्याला भत्त्याचं नाव दिलेलं असतं. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी कमी बसते, हा वरचा फायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. बोनसचा कायदाही वेतन संहितेत आला. या संहितांनी भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं बंधन घातलं आहे. ते का घालावं लागलं याचं उत्तर आमच्या पे-स्लिपांत आहे.

पण माझा आक्षेप निव्वळ कायद्याचा नाही. हजेरी भत्ता आपलं कामही नीट करत नाही. महिन्याच्या चार तारखेला पोराला ताप आला, एक खाडा पडला, की भत्ता गेला. मग पुढचे सव्वीस दिवस त्याला बांधून ठेवणारं काहीच उरत नाही. दुसरा खाडा फुकट, तिसराही फुकट. हजेरीपुस्तकात हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्या आठवड्यात खाडा झालेल्यांची नावं बाजूला काढली तर महिन्याअखेर कोण गैरहजर राहणार हे मी सांगू शकत असे. उलट बाजूला, भत्ता जाऊ नये म्हणून अंगात ताप घेऊन हॅमरसमोर उभे राहणारे. फोर्जिंगमध्ये बाराशे अंशांचा लालभडक जॉब सांडशीने धरायचा असतो. तिथे चक्कर येणाऱ्या माणसाला उभं करून आपण हजेरी वाचवली की काय वाचवलं? काही कारखान्यांनी माझ्या सांगण्यावरून भत्त्याचे टप्पे केले: एक खाडा झाला तर थोडा कापायचा, पूर्ण नाही, आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर अजिबात नाही. भांडणं कमी झाली. बाकी जादू वगैरे काही झाली नाही.

उत्पादनाच्या इन्सेंटिव्हमध्ये वेगळा खेळ असतो. जे मोजाल ते मिळेल, आणि तेवढंच मिळेल. नगावर पैसे लावले की नग वाढतात, रिजेक्शनही वाढतं. रिजेक्शन कापायचं ठरवलं की रात्रपाळीत खराब माल रिवर्कच्या क्रेटमध्ये दडतो. हे फक्त कमी शिकलेल्या कामगारांचं आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेने खाती उघडण्याचं टार्गेट लावलं, तर शिकल्या-सवरलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं, बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला आणि पाच हजारांवर कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं. टार्गेट लावणारे मात्र बराच काळ खुर्चीत होते. आपल्याकडच्या बँकांत विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या तरुण मुला-मुलींचे चेहरे आठवा. तेही इन्सेंटिव्हवरच चाललेलं असतं.

मग इन्सेंटिव्ह देऊच नये का? द्यावा. जरूर द्यावा. मी पाहिलेली एक योजना मला पटली, तिचं वर्णन करते. रांजणगावकडचा मशीन शॉप, मोटारींचे सुटे भाग करणारा. मालक स्वतः डिप्लोमा झालेला, लेथवर उभं राहिलेला माणूस. त्याने प्रत्येक लाइनच्या डोक्यावर पांढरा बोर्ड लावला, मराठी आणि हिंदी दोन्हीत. आज किती चांगले नग गेले, किती रिजेक्ट, ठरलेल्या आकड्याच्या वर प्रत्येक चांगल्या नगाला किती रुपये. रक्कम एकट्या ऑपरेटरची नाही, पूर्ण लाइनची. सेटर, ऑपरेटर, हेल्पर, पॅकिंगच्या बायका, सगळे त्यात, ठेकेदाराचे असोत की कंपनीचे. शिफ्ट संपताना पोरं बोर्डासमोर उभं राहून मोबाइलवर हिशेब करताना मी पाहिली आहेत. महिन्याच्या दहा तारखेला तोच आकडा खात्यात. मशीन बंद पडलं किंवा मालच आला नाही, तर तेवढे तास टार्गेटमधून वजा. त्या मालकाला मी विचारलं, मंदीत काय करणार? तो म्हणाला, "बोर्डावरच लिहीन. यांच्यापासून लपवून काय करू, माल कमी येतो हे आधी यांनाच दिसतं."

इथे सत्कार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. पण हेल्परलाही आपल्या मिळकतीचा आकडा स्वतः काढता येतो. ज्या योजनेचा हिशेब कामगाराला सुपरवायझरला विचारावा लागतो ती योजना सुपरवायझरची असते, कामगाराची नव्हे. मोटरसायकलवरून जेवण पोहोचवणारी पोरं आज याच दुखण्याने बेजार आहेत. किती ऑर्डरींना किती इन्सेंटिव्ह हे ॲपवर दिसतं, पण तो आकडा पुढच्या आठवड्यात का बदलला हे त्यांना सांगायला कोणी माणूसच नसतो.

हेन्री फोर्डचं उदाहरण व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात देतात. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात चौदा हजारांच्या आसपास माणसं टिकवण्यासाठी वर्षात बावन्न हजारांवर माणसं भरावी लागली. १९१४च्या जानेवारीत त्याने रोजाचे पाच डॉलर जाहीर केले, तेव्हाच्या मजुरीच्या जवळपास दुप्पट, आणि गळती थांबली. वर्गात सांगायचं राहून जातं ते असं की त्यातली साधारण निम्मी रक्कम पगार नव्हती, नफ्यातला वाटा म्हणून दिली जायची, आणि तो मिळवायचा तर कंपनीचे तपासनीस घरी येऊन पाहायचे: दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का. देणं बक्षिसाच्या रूपात ठेवलं की देणाऱ्याला घेणाऱ्याच्या घरात शिरायचा परवाना मिळतो. म्हणून मला बक्षिसाची धास्ती वाटते.

कौतुकाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर मला फक्त पैशाचंच कळतं असा समज होईल. कौतुक लागतंच. पण ते काम कळणाऱ्याने करावं लागतं. आमच्या टूल रूममध्ये एक जुने फिटर होते, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. नव्या पोराने डाय पॉलिश करून आणली की मामा ती उजेडाकडे धरायचे, बोट फिरवायचे आणि नुसतं "हं, चालव" म्हणायचे. त्या 'चालव'साठी पोरं जेवणाची सुट्टी सोडत. त्याच कारखान्यात एमडी साहेबांच्या हस्ते दिलेली प्रमाणपत्रं लॉकरच्या तळाशी वर्तमानपत्राखाली अंथरलेली मी पाहिली आहेत. प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट कामगिरीबद्दल' एवढंच लिहिलेलं. कुठली कामगिरी? साहेबांनाही माहीत नव्हती. पंचवीस वर्षं सेवा केलेल्यांना तिथे भिंतीवरचं घड्याळ देत. ज्याचं आयुष्य भोंग्यावर गेलं त्याला निवृत्तीच्या तोंडावर घड्याळ द्यायची कल्पना कुणाला सुचली असेल, देव जाणे.

सूचनापेटीचंही तसंच. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली, ती जगभर शिकवली जाते, आणि आपल्याकडे पेटी तेवढी आली. माझ्या पाहण्यातल्या एका हेल्परने जॉब वाकून उचलावे लागू नयेत म्हणून पत्र्याची घसरण सुचवली, स्वतःच्या हाताने बनवूनही दाखवली. त्याला एक्कावन्न रुपयांचं पाकीट मिळालं. वरिष्ठांसमोर ती कल्पना मांडली गेली तेव्हा पडद्यावर नाव होतं इंजिनीअरचं. त्या शेडमधून नंतर एक सूचना आली नाही. पेटीला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी शोधलीही नाही. नाव ही सुद्धा देण्याचीच बाब आहे. ते ज्याचं त्याला द्यायला पैसाही लागत नाही.

सरकारी गौरवही आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा 'गुणवंत कामगार' पुरस्कार मिळालेली माणसं मी ओळखते, त्यांतली बरीच खरोखर गुणी. त्यांचा मान त्यांच्या गल्लीत, गावात दिसतो आणि तो पाहून बरं वाटतं. कारखान्याने मात्र अशा पुरस्काराच्या फोटोवर आपलं पगाराचं खातं झाकू नये.

राजीनामा देणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे असे. कागदावर सगळ्यांचं एकच कारण, घरी अडचण. चहा पाजून बसवलं की हळूहळू खरं निघायचं. समोरच्या कंपनीत दीड हजार जास्त. ओव्हरटाइम दुप्पट द्यायचा असतो, कारखाना कायद्यात १९४८ पासून तसंच होतं, इथे सिंगल देतात. सुपरवायझर आईवरून बोलतो. बस नाही, रात्री दोनला चालत जावं लागतं. बहिणीच्या लग्नाला चार दिवस मागितले तर दोन दिले. कुणी म्हणालं नाही की माझा सत्कार झाला नाही म्हणून जातो. एकदाही नाही. माणूस गेला की नवा शिकेपर्यंत वाया जाणारा माल, सेटरचा वेळ, चुकलेल्या डिस्पॅचचा दंड हे सगळं मालक सोसतो. पण तो खर्च कुठल्या एका खात्यावर पडत नाही, म्हणून दिसत नाही. पगारवाढ दिसते.

माझ्या या म्हणण्याला उत्तर ठरलेलं असतं: मोठ्या कंपन्या आम्हाला दरवर्षी भाव कमी करायला लावतात, नव्वद-नव्वद दिवस पैसे देत नाहीत, आम्ही कुठून आणायचं? खोटं नाही ते. लहान कारखानदाराची मान दोन्हीकडून दाबली जाते हे मी जवळून पाहिलं आहे. पण ज्याच्याकडे पगाराला पैसे नाहीत त्याच्याकडे डब्यांना, फुग्यांना आणि हॉटेलातल्या कार्यक्रमाला कुठून येतात, हेही मी पाहिलं आहे.

तेव्हा येत्या दिवाळीला मिठाईची ऑर्डर देण्याआधी कारखानदारांनी एक करावं. गेटजवळच्या नोटीस बोर्डावर मराठीत आणि हिंदीत एक कागद लावावा: यंदाचा बोनस किती टक्के, कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेला, आणि ठेकेदाराच्या माणसांना किती. खाली मालकाची सही. मग मिठाई वाटा, पोरं आनंदाने खातील.